एकच पत्र लिही

मिशिगन
फेब्रुवारीतला रविवार, रात्री

प्रिय चिमणे,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ड्यूटीवरून परत येताना ऐकला. घर आलं तरी गाडीतून उतरले नाही, संपेपर्यंत तशीच बसून राहिले. काचेवर बर्फ साचत होतं आणि तुझ्या आवाजामागे तुमच्या सांगलीच्या घरातला तो करकरणारा पंखा ऐकू येत होता. उत्तर बोलूनच पाठवणार होते, पण हे बोलण्यात निसटून जाईल असं वाटलं. म्हणून लिहितेय. निवांत वाच, आणि पटलं नाही तर हक्कानं भांड.

तुझा प्रश्न एवढाच, की इथल्या रेसिडेन्सीच्या मॅचसाठी नऊ इंटरव्ह्यू झालेत, आता आपली आणि हॉस्पिटलांची पसंतीची यादी जुळवून संगणक जागा देणार, तर नऊही ठिकाणी ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ असं लिहून टाकू का? ग्रुपवरचे सगळे तेच करतायत, आणि ज्याला तू पैसे मोजलेस त्या सल्लागारानं तर तयार मसुदाच पाठवलाय. फक्त हॉस्पिटलचं नाव बदलायचं.

नको करूस, चिमणे. जिथं खरोखर जायचंय तिथं लिही, आणि तिथंच लिही.

माझं पहिलं वर्ष कसं गेलं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. ‘मॅच झालं नाही’ एवढे तीन शब्द ग्रुपवर टाकले आणि महिनाभर फोन उचलला नाही, ते तुला आठवत असेल. झालं होतं असं. मला सहा इंटरव्ह्यू आले होते. तीन ठिकाणी मी लिहिलं, तिन्हीकडे तेच वाक्य, तुम्हीच पहिले. त्यातल्या एका प्रोग्रॅम डायरेक्टरांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. तुमच्यासारखी रेसिडेंट आमच्याकडे आली तर आम्हाला आनंद होईल, आमच्या यादीत तुम्ही बऱ्याच वर आहात, असं. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. तिनं देवापुढे साखर ठेवली.

मग मी काय केलं असेल? माझ्या पसंतीच्या यादीतून उरलेली तिन्ही नावं काढून टाकली. एक फार लांब होतं, एकाची कॉल ड्यूटी फार असं कोणीतरी म्हणालं होतं, तिसऱ्याच्या इंटरव्ह्यूमध्ये समोरचे डॉक्टर सारखे घड्याळाकडे बघत होते. इतकं चांगलं पत्र हातात असताना हे कशाला, असं वाटलं. मार्चमधल्या त्या सोमवारी संध्याकाळी मेल आला, की तुम्हाला कुठंही जागा मिळालेली नाही. पुढचे चार दिवस सोपचे, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागांसाठीच्या फेरीचे. जास्तीत जास्त 45 ठिकाणी अर्ज करता येतो, ते सगळे 45 केले. फोन उशाशी घेऊन झोपत होते. गुरुवारपर्यंत एकदाही वाजला नाही.

ते डायरेक्टर खोटं बोलले असं मी आजही म्हणणार नाही. ‘बऱ्याच वर’ म्हणजे किती वर, ते त्यांनी लिहिलंच नव्हतं, ते मी माझ्या मनानं वाचलं. आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन उठताना ‘छान झाला कार्यक्रम, कळवतो’ म्हणतात ना? त्या ‘कळवतो’मध्ये किती पाणी आहे ते आपल्या मावश्या-आत्यांना बरोबर कळतं. इंग्रजीतलं ‘कळवतो’ मला कळलं नाही. आणि मी तरी कुठं खरं लिहिलं होतं? तीन जणांना एकच वचन दिलेलं. तिघांनी विश्वास ठेवला असता तर दोघांना मी फसवलंच होतं.

आता ही यंत्रणा मुळात कशी चालते ते सांगते, कारण तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं त्यानं मला झोप लागली नाही. ‘जे मला घेतील त्यांनाच पहिलं टाकते, म्हणजे वाया जायला नको.’ अगं, हा आपल्याकडच्या कॉलेज प्रवेशांच्या कॅप राउंडच्या धास्तीतून आलेला विचार आहे. इथं तो लागूच पडत नाही.

संगणक तुझी यादी वरून वाचायला लागतो. पहिल्या नावाकडे तुला नेऊन बसवायचा प्रयत्न करतो. त्या प्रोग्रॅमच्या यादीत तू असशील आणि जागा असेल तर बसवतो, पण तात्पुरतं. पुढे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त हवं असलेलं कोणी आलं तर तू उठतेस आणि तुझ्या दुसऱ्या नावाकडे जातेस. तिथं आधी कोणी बसलेलं असलं आणि त्यांना ती व्यक्ती तुझ्याहून कमी पसंत असेल, तर ती उठते, तू बसतेस. पहिल्या ठिकाणी प्रयत्न करून आलीस म्हणून दुसऱ्या ठिकाणी तुझं काडीचंही कमी होत नाही. त्यामुळे अवघड वाटणारं नाव वर ठेवण्यात धोका नाही. आवडत्या जागेच्या वर ‘सुरक्षित’ जागा ठेवण्यात मात्र आहे, कारण तुला ती सुरक्षित जागाच मिळेल आणि आवडती हातची जाईल. आणि खालची नावं खोडण्यात धोका आहे, जे मी केलं. 2024 साली आपल्यासारख्या बाहेरच्या देशांतून आलेल्यांपैकी 58.5 टक्क्यांनाच पहिल्या वर्षाची जागा मिळाली. उरलेल्यांत हुशार मुलं कमी नव्हती. तेव्हा जिथं काम करणं तुला अगदीच अशक्य नाही अशी प्रत्येक जागा यादीत राहू दे.

हे गणित गेल आणि शॅप्ले या दोघांनी 1962 मध्ये मांडलं, लग्नं जुळवण्याचंच उदाहरण घेऊन. मॅच त्याच्याही आधी, 1952 पासून चालू होता, आणि साधारण तशाच पद्धतीनं. फक्त सुरुवातीला हॉस्पिटलच्या याद्यांपासून जुळवाजुळव व्हायची. ऑल्विन रॉथ यांनी 1998 च्या सुमारास ती उमेदवारांच्या बाजूनं फिरवून दिली. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ले आणि रॉथना मिळालं त्यात हे काम होतं. मला ही माहिती पहिल्या वर्षी असती तर काय झालं असतं, असं कितीदा वाटलंय.

मॅच यायच्या आधी इथल्या मुलांची काय अवस्था होती ते वाचलं की आपली परवडली म्हणावं लागतं. 1940 च्या दशकात चांगली मुलं हातची जाऊ नयेत म्हणून हॉस्पिटलं दोन-दोन वर्षं आधी नेमणुका करायची. ते थांबवलं तर तारा यायला लागल्या, इतक्या तासांत हो की नाही कळवा. शेवटी मुदत बारा तासांवर आली. एकीकडे नको असलेली जागा हातात आणि मनातल्या जागेचा निकाल बाकी. त्या घुसमटीतून सुटायला ही यादी आली. म्हणून आज नियम असा आहे, की प्रोग्रॅमनं तुला ‘आम्हाला कितवं ठेवणार’ हे विचारायचं नाही, आणखी कुठं इंटरव्ह्यू झाले तेही नाही. आपणहून सांगायची मुभा दोघांनाही आहे. पण असं सांगणं कोणालाच बांधून ठेवत नाही, ना तोंडी, ना लेखी. निकाल मात्र बांधून ठेवतो. तुझ्या सातव्या इंटरव्ह्यूत त्या बाईंनी ‘आम्ही तुमच्या पहिल्या तिनात आहोत का’ म्हणून विचारलं आणि तू गडबडून ‘हो’ म्हणालीस, तो सल काढून टाक. प्रश्नच चुकीचा होता. त्या ‘हो’चं तू काही देणं लागत नाहीस.

आता आतली बाजू. गेल्या फेब्रुवारीत आमच्या प्रोग्रॅमच्या रँकिंगच्या बैठकीला रेसिडेंटांतर्फे मी बसले होते. पडद्यावर नावांचा लांबलचक तक्ता, टेबलावर गार झालेला पिझ्झा, संध्याकाळचे सात. यादी बरीचशी इंटरव्ह्यूच्या गुणांवर आधीच लागलेली होती. पत्रांचा गठ्ठा कोऑर्डिनेटरच्या हातात. त्यातलं एक वाचायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीत दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव राहून गेलेलं. कोणी हसलं नाही. डायरेक्टरांनी तो कागद पालथा ठेवला आणि पुढचं नाव घेतलं. तो मुलगा कुठला होता मला आठवत नाही, पण त्या पालथ्या कागदाकडे बघून माझ्या पोटात खड्डा पडला. माझी तीन पत्रंही अशीच कुठंतरी पालथी पडली असतील.

त्याच बैठकीत एका मुलीवर चर्चा अडली होती. सगळ्यांना आवडलेली, पण ‘ही आपल्याकडे येईल का?’ असा सूर. तिचं पत्र सहा ओळींचं होतं. आमच्या मोफत क्लिनिकमधल्या गुरुवारच्या दुपारबद्दल इंटरव्ह्यूत जे बोलणं झालं होतं, तेच तिनं पुढं नेलं होतं, आणि शेवटी सरळ लिहिलं होतं की माझ्या यादीत तुम्ही पहिले आहात. ती चार-पाच नावं वर सरकली. एवढंच होतं पत्रानं. खालची वर येत नाही, मधली थोडी हलते. काही ठिकाणी तर पत्रं बघतच नाहीत. आणि ज्यांनी ‘इंटरव्ह्यूनंतर संपर्क करू नये’ असं कळवलंय, त्यांना अजिबात लिहू नकोस. तुझ्या नवांत असे दोन आहेत असं तूच म्हणालीस.

तर मग तुझी पहिली जागा कोणती? मला माहीत आहे, आणि तुलाही. व्हॉइस मेसेजमध्ये आठ हॉस्पिटलांबद्दल बोलताना तू स्टायपेंड, व्हिसा, फेलोशिप म्हणत होतीस. त्या एकाबद्दल बोलताना तू त्या माणसांबद्दल बोललीस. अर्ज करतानाच खास पसंती कळवायचे जे तीन गोल्ड सिग्नल असतात, त्यातला एक तू सप्टेंबरमध्ये त्यांनाच दिला होतास. आणि तिथल्याच डॉक्टरांनी तुला बॉन्डच्या वर्षाबद्दल विचारलं. तू त्यांना ती मण्यार चावलेली बाई सांगितलीस. पीएचसीत रात्री दोनला आणलेली, जखम दिसत नव्हती, फक्त पापण्या जड होत चाललेल्या. तू सर्पविषावरच्या औषधाच्या दहा व्हायल्स लावल्यास, 108 ला फोन केलास, आणि गाडी येईपर्यंत दर पाच मिनिटांनी तिला ‘मावशी, डोळे उघडा’ म्हणत श्वास द्यायची अँबू बॅग हातात धरून बसलीस. ते ऐकून समोरचे डॉक्टर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले की आमच्याकडेही जवळचं मोठं हॉस्पिटल दीड तासावर आहे. अगं, हेच तुझं पत्र आहे! मसुदा कशाला हवा?

लिही की त्या बोलण्यानंतर तुमच्या गावाकडच्या क्लिनिकचं काम मी जास्त नीट समजून घेतलं. लिही की जिथं पुढची सोय लांब असते तिथं डॉक्टर कसा विचार करतो, ते मला तुमच्याकडे शिकायचंय. स्टेप थ्री परीक्षेचा निकाल लागला असेल तर एका ओळीत सांग. मग साधं वाक्य, मी तुम्हाला माझ्या यादीत पहिलं ठेवते आहे. आभार. खाली नाव आणि अर्जावरचा एएएमसी क्रमांक. डायरेक्टरांना पाठव, कोऑर्डिनेटरला प्रत जोड. मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी जाऊ दे, त्यांचीही यादी त्याच सुमारास बंद होते. उत्तर मागू नकोस, आणि आलं तर त्यावरून यादीतलं एकही नाव हलवू नकोस. उत्तर आलं नाही तरीही नाही.

बाकीच्यांना आभाराचं पत्र गेलं असेल तर पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी लिहावंसं वाटलंच तर ‘तुमचा प्रोग्रॅम मला मनापासून आवडला’ इतकंच, कारण ते खरं आहे. ‘पहिले’ हा शब्द एकदाच वापर. इथं डायरेक्टर मंडळी एकमेकांना ओळखतात, हे एक कारण झालं. पण ते नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. पुढं तीन वर्षं ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून रात्रीबेरात्री पेशंट हातात घ्यायचे, त्यांच्याशी पहिला व्यवहार खोट्यानं व्हावा असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी मी असं एकच पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिथं जागाही मिळाली नाही, माझ्या दुसऱ्या नावावर मिळाली, तेच हे मिशिगन. त्या पत्राचा काही उपयोग झाला का, मला कधीच कळणार नाही. पण त्या मार्चमध्ये मला झोप लागत होती.

व्हिसाचं तेवढं घरी बसून बोल. तुझ्या पहिल्या जागेला जे-वन व्हिसाच मिळतो, म्हणजे नंतर दोन वर्षं परत यायचं किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करून सूट घ्यायची. तुला ते चालणार आहे असं तू म्हणालीस, पण काकांच्या तब्येतीचा विचार करून म्हणालीस का? ते ठरलं नाही तर पत्र पाठवू नकोस, आधी ठरव.

आणि यादी भरून झाली की ती पक्की करायला ‘सर्टिफाय’चं बटण दाबायला विसरू नकोस. काही बदललंस तर पुन्हा दाब. मुदत इथल्या रात्री नऊची, म्हणजे तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. तेवढ्यापर्यंत थांबू नकोस, लाइट गेली तर काय करशील? आदल्या संध्याकाळीच उरक.

शनिवारपर्यंत माझी नाइट आहे. पत्राचा कच्चा मसुदा तोवर पाठव, मी रविवारी बघते. इंग्रजी सुधारायला नाही, तू तिथं दिसतेस का एवढं बघायला. सर्टिफाय केलंस की स्क्रीनशॉट टाक. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं शेंगदाण्याची चटणी संपली.

तुझीच,
मिरजेच्या होस्टेलवरची रूममेट