स्टर्जेसची यादी

सातारा, गुरुवार रात्र

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

जॉन स्टर्जेस या अमेरिकन दिग्दर्शकाच्या सिनेमांची माझी यादी मागितली होतीस, ती पाठवतेय. परवा फोनवर जे झालं त्याबद्दल या पत्रात काही नाही. बाबांनी बजावलंय, "सिनेमाबद्दल लिही, मोटारसायकलबद्दल अक्षर नको, पोरगा शनिवारी निघतोय." मी हो म्हटलंय.

तुझी यादी वहीत उतरवून घेतली. 'द ग्रेट एस्केप' पहिला, 'द मॅग्निफिसंट सेव्हन' दुसरा, इथवर मी गप्प होते. पण 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' पाचवा? 'आइस स्टेशन झेब्रा'च्याही खाली? त्या स्टुडिओतल्या खोट्या बर्फाखाली तू स्पेन्सर ट्रेसीला पुरलंस, अमेय. हॉवर्ड ह्यूज तो सिनेमा पुन्हा पुन्हा लावून बघायचा म्हणतात. ह्यूजकडे पैसा होता, वेळ होता. तुला नोकरी आहे.

माझ्या यादीत 'बॅड डे' पहिला. 1955चा. एक्क्याऐंशी मिनिटांत गोष्ट संपते. वाळवंटातल्या एका टिचभर गावात आगगाडी थांबते, चार वर्षांत पहिल्यांदाच, आणि काळ्या सुटातला एक हाताचा माणूस उतरतो, तो ट्रेसी. डावा हात कायम खिशात. तो कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो आणि सगळ्या गावाच्या पोटात गोळा येतो. का, ते कोणी सांगत नाही. तासभर मारामारी म्हणावी असं काही घडत नाही, नुसती माणसं उभी असतात. रुंद पडदा, मोकळा रस्ता, इकडे दोघं, तिकडे तिघं, आणि मधल्या रिकाम्या जागेचीच भीती वाटते. स्टर्जेस मूळचा संकलक, आरकेओ स्टुडिओत फिल्म कापून शिकलेला. कधी कापायचं नाही हेही अशाच माणसाला कळतं.

आणि मग तो खाणावळीतला प्रसंग. अर्नेस्ट बोर्गनाइन ट्रेसीच्या ताटलीत केचप ओततो. ट्रेसी ताटली बाजूला सारतो. तो पुन्हा डिवचतो. ट्रेसी तेही ऐकून घेतो. आपल्यालाच वाटायला लागतं, आता उठ रे बाबा! तो उठतो तेव्हा एकाच हाताने, कराटेचे चार फटके, आणि तो रेडा आडवा. मी हा प्रसंग लावते तेव्हा बाबा स्वयंपाकघरातून पोळी हातात घेऊन येतात. या सिनेमासाठी स्टर्जेसला दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं, ट्रेसीला कान महोत्सवात अभिनयाचं बक्षीस.

पण मी पहिला नंबर दिला तो मारामारीसाठी नाही. तो माणूस गावात आलेला असतो कोमोकोला त्याच्या मुलाचं शौर्यपदक द्यायला. मुलाने इटलीत लढताना याचा जीव वाचवला आणि स्वतः गेला. आणि बाप तर पर्ल हार्बरनंतर दुसऱ्याच दिवशी गावातल्यांनी मारून टाकलेला. जळक्या घराजवळ रानफुलं उगवलेली दिसतात त्यावरून याला कळतं, इथे खाली काहीतरी पुरलंय. म्हणजे मुलाचं पदक घ्यायला बाप नाही. बाप असता तर त्याने त्या पदकाचं काय केलं असतं, याचा विचार मी करत बसते. त्यावर जास्त लिहीत नाही. तिथून परत येताना ट्रेसीच्या जीपला मागून धडका देऊन रस्त्याच्या खाली घालतात, तो भाग हल्ली मी पुढे ढकलते.

दुसरा 'द ग्रेट एस्केप', 1963. हा तुझा लाडका, मला माहीत आहे कशासाठी. तेव्हा नीट ऐक.

दादाने आणि मी तो अलका टॉकीजला पाहिला होता, तुझ्या मामाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पावणेतीन तासांचा सिनेमा. त्यातला बराचसा वेळ जर्मन छावणीतले युद्धकैदी पळून जायच्या तयारीची कामं करत असतात. पलंगाच्या फळ्या काढून बोगद्याच्या छताला टेकू देणं, कपड्यांना रंग देऊन साधे पोशाख शिवणं, खोटी कागदपत्रं बनवणं. खणलेली माती तर पायजम्याच्या आत पिशव्यांत भरून मैदानावर चालता चालता खिशातली दोरी ओढून सोडतात आणि पायाने पसरतात. मला सिनेमाचा हा भाग सगळ्यांत आवडतो. डोनाल्ड प्लेझन्सचा तो कागदपत्रं करणारा आठवतो ना? त्याची दृष्टी जाते. आपल्याला दिसतंय हे दाखवायला तो आधीच लांब जमिनीवर एक टाचणी ठेवून येतो, पावलं मोजतो आणि सगळ्यांसमोर चालत जाऊन उचलतो. या बेताचा म्होरक्या अटनबरो काही बोलत नाही, नुसता पाय आडवा घालतो. प्लेझन्स खऱ्या युद्धात जर्मनांचा कैदी होता. बोगदे खणणारा चार्ल्स ब्रॉन्सन तरुणपणी पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत होता. त्यांना नाटक करायची फार गरज पडली नसावी.

खरी पलायनाची रात्र मार्च 1944ची. शहात्तर जण बाहेर पडले, त्र्याहत्तर पकडले गेले, त्यांतल्या पन्नासांना गोळ्या घातल्या. तिघे सुटले, दोन नॉर्वेजियन आणि एक डच. मोटारसायकल त्यात कुठेच नव्हती. ती स्टीव्ह मक्वीनच्या हौसेखातर गोष्टीत घातली. जर्मन म्हणून दाखवलेली ती गाडी म्हणजे रंग बदललेली इंग्लिश ट्रायम्फ. आणि कुंपणावरची ती प्रसिद्ध उडी मक्वीनने मारलीच नाही, त्याचा मित्र बड एकिन्सने मारली. एवढा मोठा स्टार, गाडी चालवण्यात तरबेज, आणि त्यालाही उडी मारू दिली नाही! कोणीतरी म्हणालं असेलच ना, बाबा रे, तू नको.

आता हिशेब कर. गार्नर आणि प्लेझन्स विमान पळवतात, विमान पडतं. मक्वीन मोटारसायकल पळवतो, काटेरी तारेत अडकतो. सुटतात कोण? होडी वल्हवत जाणारे दोघे आणि सायकलवरून निघालेला जेम्स कोबर्न. सायकलवरून! स्टर्जेसने हे मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. पण सिनेमा तू इतक्यांदा बघितलास आणि तुला उडीच तेवढी आठवते.

अलकातून बाहेर पडल्यावर दादाने जावा मोटारसायकलला किक मारली ती अगदी त्या मक्वीनच्या झोकात. मी मागे बसले होते, ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळून. खूप हसलो होतो आम्ही. पुढचं तुला ठाऊक आहे. खंबाटकी घाटातल्या त्या प्रकारानंतर आजीने ती जावा अंगणातून कधी हलवू दिली नाही, रेवतीच्या लग्नात मांडवसुद्धा तिला वळसा घालून घातला.

बघ, शब्द दिला होता आणि तिसऱ्याच पानावर मोडला. राहू दे. खोडत नाही, खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

तिसरा 'द मॅग्निफिसंट सेव्हन', 1960. कुरोसावाच्या 1954च्या 'सेव्हन समुराय'वरून घेतलेला, आणि पुढे आपल्याकडे 'शोले'पर्यंत ज्याच्या खुणा आहेत तो. गाव, लुटारू, भाड्याने आणलेले शूर. एल्मर बर्नस्टाइनचं संगीत वाजलं की अजूनही पाठ आपोआप ताठ होते. मेक्सिकोत चित्रीकरण झालं, आणि तिथल्या सरकारी देखरेखीमुळे गावकऱ्यांचे कपडे कायम धुवट पांढरे. वर्षभर लुटले जाणारे शेतकरी आणि इस्त्रीचे सदरे! मक्वीन सारखा टोपीशी चाळा करत राहतो, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष यूल ब्रिनरवरून हटावं. तो लबाडपणा मला आवडतो. तरीही तिसराच, कारण सातातले दोघं-तिघं मरेपर्यंत त्यांची नीट ओळखच होत नाही.

एक प्रसंग मात्र पुन्हा बघ. गावातली पोरं ब्रॉन्सनला म्हणतात, आमचे बाप भित्रे आहेत, आम्हाला तुमच्याबरोबर न्या. ब्रॉन्सन त्या पोराला पालथा घालून चोपतो. आणि सांगतो, बंदूक बाळगणं ही बहादुरी नव्हे. तुमचे बाप बायकापोरांचा भार रोज वाहतात, तेवढी हिंमत माझ्यात कधी आली नाही. परवा तू म्हणालास की बाबांनी जन्मभर स्कूटर चाळीसच्या वर नेली नाही म्हणून त्यांना माझ्या गाडीची भीती वाटते. स्पीकर चालू होता. ते काही बोलले नाहीत, उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले, रात्री साडेनऊला. मी भांडण उकरत नाही. प्रसंग चांगला आहे म्हणून सांगितलं.

चौथा 'लास्ट ट्रेन फ्रॉम गन हिल', 1959. तुझ्या यादीत हा नाहीच! कर्क डग्लस हा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, त्याच्या बायकोचा खून होतो, आणि खुनी निघतो त्याच्या जुन्या जिवलग मित्राचा मुलगा. अँथनी क्विन तो मित्र. मुलगा नालायक आहे हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं, तरी तो त्याला पाठीशी घालतो. लोक म्हणतील क्विन चुकला. मी इतक्या वर्षांत त्याला एकदाही पूर्ण चूक ठरवू शकलेले नाही.

पाचव्यावर दोन सिनेमे एकत्र ठेवते, रागावू नकोस. 'गनफाइट अ‍ॅट द ओ.के. कोरल' 1957चा आणि 'अवर ऑफ द गन' 1967चा. दोन्ही सिनेमांतली टूमस्टोन गावची खरी चकमक 26 ऑक्टोबर 1881ची, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. पहिल्या सिनेमात तिच्यावर शेवट होतो, लँकेस्टर आणि डग्लस ऐटीत. दुसरा त्या चकमकीपासूनच सुरू होतो, आणि पुढे नुसता सूड, कोर्ट आणि थकवा. दहा वर्षांनी त्याच माणसाला तीच गोष्ट वेगळी दिसली. पहिला करमणुकीला बरा, दुसरा खरा. तू तिशीत पहिला निवडला आहेस, ते ठीकच आहे.

मग 'एस्केप फ्रॉम फोर्ट ब्राव्हो'. वरून बाणांचा पाऊस अंगाभोवती नेमका पडत येतो ते दृश्य बघ. 'द ओल्ड मॅन अँड द सी' मधे कुठेतरी. ट्रेसी थोर, समुद्र स्टुडिओतला. 'मरून्ड'मधे तीन अंतराळवीर वर अडकतात, खाली त्यांच्या बायका वाट बघतात. 1969च्या शेवटी आला आणि पुढच्याच एप्रिलमधे अपोलो 13चं संकट खरोखर घडलं. सिनेमा म्हणून लांबट आहे. तेवढ्या बायकांसाठी मी त्याला नववा ठेवला.

'ल माँ' यादीत धरायचा नाही. स्टर्जेसने तो मधेच सोडला. मक्वीनला फक्त शर्यत हवी होती, गाड्या आणि वेग, आणि स्टर्जेस म्हणत होता, गोष्ट कुठे आहे? शेवटी तो निघून गेला आणि दुसऱ्याने पुरा केला. त्या चित्रीकरणात डेव्हिड पायपर नावाच्या ड्रायव्हरचा पाय गेला. आणि 'द हॅलेलुया ट्रेल' मी शेवटचा ठेवलाय तो विनोद रटाळ आहे म्हणून, पण तेवढ्यासाठीच नाही. त्यात घोडागाडी कड्यावरून जाते, ते करताना एक स्टंटमन मेला. ते दृश्य सिनेमात आहे. लोक तिथे हसतात.

अमेय, तू गाडी चांगली चालवतोस. हे मला ठाऊक आहे. पाटणला पूर आला तेव्हा आजीला मागे बसवून तू आणलंस, ते सगळ्या गल्लीला मीच सांगत फिरले होते, तुझ्या काकूला तर दोनदा. जातोयस तर जा. फक्त लेहच्या वाटेवर सर्चूला पहिली रात्र काढू नका, केलाँगला नाहीतर जिस्पाला शरीर रुळू दे म्हणतात. टांडीला टाकी पूर्ण भर, पुढे पंपाचा भरवसा नाही. आणि घाटात पुढे ट्रक असेल तर त्याला जाऊ दे, तुला कुठली गाडी पकडायची नाहीये. झालं, पुन्हा सुरू झालं माझं. माफ कर. बँकेत चाळीस माणसं ऐकायची, ती सवय.

'हॅलेलुया'च्या जरा वर 'मॅक्यू' आणि 'द ईगल हॅज लँडेड'. मायकेल केनने सांगितलंय की या शेवटच्या सिनेमाच्या वेळी स्टर्जेसला फक्त मासेमारीपुरते पैसे हवे होते. चित्रीकरण संपलं आणि हा समुद्रावर पसार. मला केनचा राग समजतो, पण ज्याने इतकं दिलं त्याने शेवटी गळ टाकून बसलेलं मला चालतं.

डब्यात मेतकूट आणि तिळाची चटणी आहे, थंडीत तेल गोठणार नाही असं बाबांनी विचारून ठेवलंय. निळी बॅग नेऊ नकोस, तिची चेन गेलीय. यादीवर वाद घालायचा असेल तर मनालीहून घाल, पुढे रेंजचा भरवसा नाही.

तुझी,
आई

ता.क. 'जो किड' राहूनच गेला. क्लिंट ईस्टवुडचा, 1972चा. अकरावा दे, तोही आगगाडी रूळ सोडून थेट सलूनमधे घुसते तेवढ्यासाठी. आणि बाबांच्या यादीत 'ग्रेट एस्केप' पहिला आहे, ते तुझ्या बाजूने आहेत.