ठसा आधी की संशयित आधी?

महोदय,

बंगालमधल्या १८९८ सालच्या जलपायगुडी खून खटल्याची गोष्ट सांगताना बहुतेक लेखक एकाच ठिकाणी घसरतात. चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला, कागदपत्रांच्या पेटीत निळ्या वेष्टणाची बंगाली पंजिका (पंचांग) आणि वेष्टणावर अंगठ्याचा तपकिरी, पुसट ठसा. पोलिसांनी तो कलकत्त्याला पाठवला आणि तिथल्या बोटांच्या ठशांच्या दप्तरातून आरोपी कांगाली चरणचे नाव बाहेर पडले, असे लिहिले जाते. वाचायला झकास, पण त्या दप्तराची मांडणी अशी होती की नुसत्या एका अंगठ्यावरून तिथे माणूस सापडणे जवळजवळ अशक्य होते.

दप्तरात प्रत्येक माणसाच्या दहा बोटांच्या ठशांची एक चिठ्ठी असे आणि ती कुठल्या खणात ठेवायची हे साध्या बेरजेने ठरे. दहा बोटांना उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत १ ते १० क्रमांक द्यायचे आणि दोन-दोनच्या जोड्या करायच्या. पहिल्या जोडीची किंमत १६, पुढे ८, ४, २, १. बोटावर चक्र, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषा, असेल तरच ती किंमत मोजायची. शंखाला (एका बाजूने येऊन त्याच बाजूला वळणाऱ्या रेषा) आणि कमानीला (एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाणाऱ्या रेषा) शून्य. सम क्रमांकाच्या बोटांच्या किमतींची बेरीज वर, विषम क्रमांकाच्या बोटांची खाली आणि दोन्हींत एकेक मिळवायचा, म्हणजे एकही चक्र नसलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर ०/० ऐवजी १/१ येते. उजवा अंगठा, उजवी अनामिका आणि डावा अंगठा यांवर चक्रे असतील, तर वर ८ + ४ + १ = १३ आणि खाली १६ + १ = १७. चिठ्ठी १३/१७ च्या खणात. असे ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण. पद्धतीला नाव बंगालचे तेव्हाचे पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. तिच्यामागचे गणित त्यांच्या हाताखालचे अधिकारी अझीझुल हक यांचे आणि पुढच्या पोटवर्गीकरणात हेमचंद्र बोस यांचा हात, हेही खटल्याच्या गोष्टीत क्वचितच येते.

खण सारखे भरत नाहीत, ही या पद्धतीची खोड. शंख साधारण साठ-पासष्ट टक्के, चक्रे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, कमानी पाचेक टक्के. त्यामुळे १/१ चा खण ओसंडून वाहतो आणि तिथे रेषा मोजाव्या लागतात. शंखात जिथे रेषा फाकून त्रिकोण होतो तिथपासून गाभ्यापर्यंत सरळ रेघ कल्पायची आणि तिने किती उंचवटे (म्हणजेच ठशातल्या रेषा) कापले ते भिंगाखाली मोजायचे. तर्जनीवर ९ पर्यंत एक गट, १० पासून दुसरा. मधल्या बोटावर ती सीमा १० आणि ११ यांच्यामध्ये.

आता चूक कुठे होते ते पाहा. शंखाला एक त्रिकोण असतो, चक्राला दोन, आणि ते बहुधा बोटाच्या कडेला असतात. म्हणून बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच दिशेने, एकदाच लोळवायचे. मागेपुढे केले की रेषा दुहेरी उमटतात. शाई जाड झाली की उंचवट्यांमधल्या चरी बुजतात. बोट अर्धेच लोळवले, तर चक्राचा दुसरा त्रिकोण कागदावर येतच नाही आणि ते शंख म्हणून खपते. वरच्या उदाहरणात उजव्या अंगठ्याचे असे झाले, तर १३/१७ चे १३/१ होते. चिठ्ठी भलत्याच खणात जाते आणि माणूस असून नसल्यासारखा. हातांची अदलाबदल झाली, तर तेच ठसे ५/१८ देतात. याच धास्तीने लोळवलेल्या ठशांखाली चारही बोटे एकत्र, न लोळवता पुन्हा टेकवून घेतात. वर क्रम चुकला असेल, तर खालच्या ओळीशी ताडून पाहताना तो पकडला जातो.

पंजिकेवरच्या ठशाकडे वळू. तो उजव्या अंगठ्याचा आहे असे आधीच गृहीत धरले, तरी त्यातून एवढेच कळते की खालच्या आकड्यात १६ आहेत की नाहीत. चक्र असो वा नसो, १०२४ पैकी ५१२ खण शिल्लकच राहतात. उरलेली नऊ बोटे कुठून आणणार? ही अडचण पुढे स्कॉटलंड यार्डात १९३० च्या सुमारास एकेका बोटाचे वेगळे दप्तर उभारून सोडवावी लागली.

मग कांगाली सापडला कसा? जुन्या पोलिसी शहाणपणाने. संशयितांत स्वयंपाकी होता, मळ्यातले मजूर होते, परिसरात फिरणारी काबुली टोळी होती. आणि एक जुना नोकर होता, कांगाली, जो याच व्यवस्थापकाकडे चोरी करून तुरुंगात गेला आणि काही आठवड्यांपूर्वीच सुटला होता. शिक्षा झालेली असल्याने त्याचे ठसे दप्तरात होते. नाव आधी, चिठ्ठी नंतर. मग उजव्या अंगठ्याशी अंगठा ताडला, तो जुळला आणि कांगाली बीरभूममध्ये पकडला गेला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा आहे, असे रासायनिक तपासनिसांनी सांगितले. माणसाचे रक्त वेगळे ओळखण्याची चाचणी तेव्हा निघालीच नव्हती.

निकालही अनेकदा चुकीचा छापला जातो. त्याला फाशी झाली नाही. खून करताना कोणी पाहिले नव्हते आणि ठसा फक्त हात लागल्याचे सांगत होता, म्हणून खुनाच्या आरोपातून तो सुटला. शिक्षा झाली ती चोरीची. बोटांच्या ठशांवरचे तज्ज्ञांचे मत पुराव्याच्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये आले ते त्यानंतर, १८९९ च्या दुरुस्तीने.

– अंगुलीमुद्रा विषयाचे अभ्यासक