छत खाली आणू नकोस

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय संजू,

तुझं पत्र काल मिळालं. माडीवरच्या दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग मारायचं ठरवलंयस हे वाचलं आणि रात्री झोप लागेना. थांब रे जरा. निदान दिवाळीपर्यंत तरी थांब.

अडचण मला ठाऊक आहे. साडेतेरा फूट उंचीच्या खोलीत काहीही ठेवलं तरी हरवल्यासारखं दिसतं. मीही आधी उंची भरायच्याच मागे लागलो होतो. आठ फुटी कपाट करून घेतलं, त्याच्या वर फोटोंची रांग लावली. गोदामात बसल्यासारखं वाटायला लागलं. कपाट मागच्या खोलीत हलवलं तेव्हा कुठे ध्यानात आलं, की उंची भरायची नसतेच. माणूस बसतो तिथे, जमिनीपासून तीन-चार फुटांत घर मांडायचं आणि वरचं सगळं तुळयांना सोडून द्यायचं.

म्हणून बुटक्या आरामखुर्च्या केल्या. चंदीगड वसत होतं तेव्हा स्विस वास्तुकार पिएर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताचं फर्निचर आखलं होतं, उलट्या व्हीसारख्या पायांचं. पुढे ते भंगार म्हणून ढिगाने पडलं, लिलावात गेलं आणि परदेशात लाखोंना विकलं जाऊ लागलं. आपल्या सुताराला फोटो दाखवला. जुन्या वाशांचं सागवान घरात होतंच, त्यातून दोन खुर्च्या झाल्या. वेत विणायला काका आले तेव्हा मी दिवसभर समोर बसून होतो. पट्ट्या आधी पाण्यात भिजवतात, ओल्या असतानाच विणतात. वाळल्या की त्या स्वतःहून ताणून बसतात, टिचकी मारली तर हलगीगत वाजतात. सकाळी त्या जाळीची सावली शहाबादी फरशीवर पडते, ती बघायला तरी ये.

दिव्याचं मात्र नीट बघ. छताला चिकटवलेला दिवा एवढ्या उंचीवरून खाली धड उजेडच देत नाही. डॅनिश डिझायनर पोल हेनिंगसन यांनी १९५८ साली आखलेला पीएच ५ नावाचा टांगता दिवा मी घेतला, बरेच दिवस पैसे साठवून. सगळ्यात मोठ्या पत्र्याचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणून नावात ५. पत्रे असे एकाखाली एक बसवलेत की बल्ब डोळ्यांत घुसत नाही. टेबलापासून दोन फुटांवर आणला आणि टांगला आजीच्या झोपाळ्याच्या कडीला. साखळी घासून घासून कडीची आतली बाजू अजून चांदीसारखी चकाकते.

कोपऱ्यात जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुचींच्या ‘आकारी’ नावाच्या कागदी दिव्याचा मोठा गोळा आहे. १९५१ साली जपानातल्या गिफूत कंदील करणाऱ्यांचं काम बघून त्यांना तो सुचला. तुतीच्या सालीचा कागद, आत बांबूच्या कामट्या. म्हणजे आपला आकाशकंदीलच की! एवढी मोठी वस्तू उंच खोलीतच शोभते, आणि वजन काहीच नाही. पावसाळ्यात तेवढी खिडकीपासून लांब ठेवतो.

तुमच्या माडीच्या तुळईलाही झोपाळ्याच्या कड्या होत्या असं मला आठवतंय. काकूंना विचारून कळव. असतील तर रंगवू देऊ नकोस.

तुझा,
विजू