बर्फावरची सहल : गटातला सर्वांत कच्चा भिडू आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती उरकले की आपल्याकडे हिवाळी सहलींचे बेत शिजू लागतात आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या अंकात बर्फाच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडून आता दहावीच्या जुन्या बॅचेस, बँकेतले सहकारी, दोन-तीन कुटुंबे मिळून काश्मीरमधल्या गुलमर्गला, उत्तराखंडातल्या औलीला, मनालीजवळच्या सोलंगला जातात. अशा पंधरा जणांत एखादा परदेशात आठवडाभर स्की करून आलेला असतो, दोघा-तिघांनी कधीतरी प्राथमिक कोर्स केलेला असतो, बहुतेकांनी बर्फावर पाऊलही ठेवलेले नसते आणि दोघांना स्की करायचीच नसते. जाहिरातीत मात्र सगळ्यांसाठी मिळून एकच शब्द असतो, 'स्कीइंगसह'. किती तास, कोण शिकवणार, एका प्रशिक्षकामागे किती जण, याचा पत्ता नसतो. बेत फसतो तो इथे, आणि गुडघे दुखावतात तेही इथेच.

गटाने प्रवास एकत्र करावा, राहावे-जेवावे एकत्र. उतारावर मात्र एकत्र राहण्याचा हट्ट धरू नये. आणि जागा, तारखा, हॉटेल हे सगळे गटातल्या सर्वांत कच्च्या भिडूकडे बघून ठरवावे. कसलेल्या माणसाला सोप्या जागीही करण्यासारखे काही सापडते. नवख्याला अवघड जागी नेले, तर त्याचा दिवस भीतीत जातो आणि कसलेल्याचा त्याला खाली उतरवून आणण्यात.

कोणाला काय येते हे 'स्की येते का?' असे विचारून कळत नाही. सगळे 'थोडीफार' म्हणतात. नेमके विचारावे. मंद उतारावर ठरवलेल्या जागी थांबता येते का? डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना वळता येते का? पडल्यावर कोणी हात न देता उठता येते का? रोलरने न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फात कधी स्की केली आहे का? शेवटचा प्रश्न परदेशात शिकून आलेल्यांसाठी. तिकडे रोज रात्री यंत्राने सपाट केलेल्या पट्ट्यांवर छान वळणारा माणूस गुलमर्गच्या मोकळ्या बर्फात पहिल्या दिवशी हमखास अडखळतो. वय, वजन, उंची, गुडघ्याचे जुने दुखणे, रक्तदाब, दमा हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. गणपतीत चाकरमानी गावी आलेले असतात, तेव्हाच हा कागद भरून घेतला तर जानेवारीपर्यंत मांड्यांच्या व्यायामाला चार महिने मिळतात. रोज उठाबशा, आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे एक मिनिट थांबणे, एवढे पुरे.

मिश्र गटाला आपल्या देशात गुलमर्ग सर्वांत सोयीचे, कारण तिथे तिन्ही पातळ्या एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. गाव सुमारे २,६५० मीटरवर. गोल्फ मैदानाच्या कडेचे मंद उतार नवख्यांसाठी. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याचा, पहिला टप्पा सुमारे ३,१०० मीटरवरच्या कोंगडूरीला नेतो. तिथून गावापर्यंतची उतरण दोन्ही बाजूंना नीट वळणाऱ्यांसाठी. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर. तो फक्त पक्क्यांसाठी, तोही स्थानिक गाइड बरोबर घेऊन. इथे एक गल्लत फार होते. गोंडोलात बसायला काही यावे लागत नाही, म्हणून 'वर जाऊ, बघू, मग हळूहळू उतरू' असे ठरते. वरून खाली सोपी वाट नाही. नवख्यांनी वर जायचे तर स्की खाली ठेवून, जाण्यायेण्याचे तिकीट काढून, देखावा बघायला जावे. वारा किंवा हिमवृष्टी असली की दुसरा टप्पा बंद राहतो, तेव्हा त्याच्यासाठी एकच दिवस धरून ठेवू नये.

औलीचा उतार रुंद आणि शिकायला चांगला आहे. गढवाल मंडळ विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्सही तिथे होतात. पण जोशीमठहून वर नेणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद झाला. आरक्षणाआधी त्याची सद्यःस्थिती आणि रस्त्याने वर जाण्याची सोय विचारावी. सोलंगला दिवसभराच्या पर्यटकांची गर्दी असते. गमबूट चढवून पंधरा मिनिटे ओढत नेणे आणि फोटो काढणे यालाच तिथे बरेचदा स्कीइंग म्हणतात. शिकायचेच असेल तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा किंवा गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेचा कोर्स बघावा.

तारखांत नाताळची सुटी मोहात पाडते, पण तेव्हा बर्फाचा भरवसा नसतो. काश्मीरचा 'चिल्लई कलां' हा कडक थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. थर जमतो तो त्यानंतर. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्ग जवळपास कोरडे होते, आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. आपल्याकडे याच वेळी आंब्याचा मोहोर आणि फवारण्या असतात, बारावीची परीक्षा तोंडावर असते आणि फाल्गुन लागला की शिमग्याला घर सोडता येत नाही. तारीख आधी बागायतदार आणि पालक यांना विचारून पक्की करावी, नाहीतर पैसे भरल्यावर चार नावे गळतात. परतीच्या विमानाआधी श्रीनगरला एक दिवस राखून ठेवावा. धुके आणि हिमवृष्टीने उड्डाणे रद्द होतात. तंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे १३ किलोमीटर बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच जाता येते. ती गाडी सहलीच्या दरात धरली आहे का, हे विचारून घ्यावे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत. म्हणून उतारावरच्या प्रत्येक तुकडीत निदान एक पोस्टपेड फोन हवा, आणि तो आतल्या खिशात. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

साहित्य भाड्याने मिळते, पण तिथे घाई करू नये. पंधरा जणांना बूट बसवायला दीड-दोन तास लागतात. हे काम आदल्या संध्याकाळी उरकावे, म्हणजे सकाळचा बर्फ दुकानात वाया जात नाही. स्कीच्या बुटाचे माप पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असते. घरीच कागदावर टाच ते अंगठा मोजून न्यावे. बूट घालून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत. टाच उचलली जाता कामा नये. आपली माणसे थंडीच्या धास्तीने दोन-दोन मोजे घालतात. त्याने बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. लोकरीचा किंवा सिंथेटिक, गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा. थर्मल पँटची कड बुटात कोंबू नये, नडगीवर वळ उठतात. बकला लावताना आधी टाच जमिनीवर मागे आपटून बसवावी, मग घोट्याजवळची आणि वरची घट्ट, बोटांवरची सैल.

स्कीची उंची नवख्यासाठी हनुवटीपर्यंत पुरे. लांब स्की वेग घेते आणि वळत नाही. सर्वांत महत्त्वाचे बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग. तो किती जोराला सुटावा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यात बघून लावतात. पन्नाशीपुढच्यांसाठी एक पायरी कमी धरतात. दुकानदाराने काहीही न विचारता स्की हातात दिली, तर ती परत करून आकडा लावून घ्यावा. वजन किंवा आपली तयारी फुगवून सांगितली तर बाइंडिंग जास्त घट्ट लागते, आणि नवखा सावकाश पडतो तेव्हा पाय सुटत नाही. गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो तो असाच. दोन्ही स्कींवरचे आकडे सारखे आहेत का, धार गंजलेली नाही ना, सुटलेल्या स्कीला अडवणारे ब्रेकचे काटे खाली येतात का, हेही बघावे. उतारावर स्की चढवण्याआधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढायचा आणि आधी दरीकडची स्की घालायची. तळव्याखाली बर्फाचा गोळा राहिला तर बाइंडिंग लागल्यासारखे वाटते आणि पहिल्याच वळणावर सुटते.

आता दिवस कसा आखायचा. पंधरा जणांत नऊ नवखे असतील तर प्रशिक्षक दोन हवेत. एकामागे पाचापेक्षा जास्त झाले की बाकीचे नुसते गारठत उभे राहतात. सकाळी दोन तास, दुपारी दीड तास, असे सलग तीन दिवस. पहिला तास एकच स्की घालून सपाटीवर चालणे, मग दोन्ही, मग आडव्या पावलांनी चढणे, आणि मग पुढे आपोआप थांबवणारी सपाटी असलेल्या उतारावर सरळ घसरणे. त्यानंतर वेग आवरण्याचा स्नोप्लाउ : स्कींची पुढची टोके एकमेकांजवळ, मागची फाकवलेली, गुडघे किंचित आत. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण मिळते. चूक सगळ्यांची एकच होते. भीतीने माणूस मागे रेलतो, भार टोकांवरून निघतो, स्की पुढे पळते आणि वळत नाही. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर, एवढे दोनच शब्द प्रशिक्षकाने घोकून घ्यावेत. काठीचा पट्टा मनगटात अडकवू नये, पडताना अंगठा मुरगळतो. हेल्मेट सगळ्यांना.

गटातल्या कसलेल्या मित्राने नवख्यांना शिकवू नये, नवऱ्याने बायकोला तर मुळीच नाही. शिकवणे हे वेगळे काम आहे, आणि ओळखीच्या माणसापुढे भीती वाटते हे कोणी सांगत नाही. पोहता न येणाऱ्याला आपण विहिरीत डबा बांधून उतरवतो, भरतीच्या लाटांपलीकडे नेत नाही. इथेही तीच रीत. मधली तुकडी एका प्रशिक्षकाबरोबर कोंगडूरीची उतरण करेल, स्की न करणारे घसरगाडीने किंवा पायी फिरतील, शंभर वर्षांहून जुने सेंट मेरी चर्च बघतील. दुपारी एक वाजता सगळ्यांनी गोंडोलाच्या खालच्या स्टेशनजवळच्या एका ठरलेल्या हॉटेलात भेटायचे. अर्ध्या तासात कोणी आले नाही तर शोध सुरू, हेही आधीच बोलून ठेवायचे. तीननंतर 'शेवटची एक फेरी' नको. मांड्या थकलेल्या असतात, आणि दुपारी उन्हाने ओला झालेला बर्फ सावली पडताच काचेसारखा होतो.

पक्क्या स्कीवाल्यांची काळजी करायला नको, असे सहल नेणाऱ्यांना वाटते. उलट जिवाचा धोका त्यांनाच जास्त. अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गजवळ एक रशियन. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताजा बर्फ खालच्या कमकुवत थरावरून घसरतो, आणि पुष्कळदा तो सुटतो तिथे चाललेल्या माणसाच्याच भाराने. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच बहुधा वाचतो; तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, बरोबरचेच खणतात. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा माग लागावा म्हणून संकेत देणारे-घेणारे यंत्र), शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सराव हवा. मोबाइल ट्रान्सीव्हरच्या शेजारच्या खिशात ठेवू नये, संकेत बिघडतात. सकाळचा हिमस्खलन इशारा वाचल्याशिवाय वर जाऊ नये, आणि एकट्याने तर कधीच नाही.

समुद्रकाठावरून गेलेल्यांना उंचीही सोसावी लागते. गुलमर्गला हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे तीन-चतुर्थांश, अफरवटला ६० टक्क्यांच्या आसपास. पहिली रात्र श्रीनगरला काढावी, गुलमर्गच्या पहिल्या दिवशी फक्त बूट आणि चालणे, पाणी भरपूर, दारू नाही. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणे दिसले तर थांबून न राहता खाली आणावे. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर अंग गारठते. आत सिंथेटिक किंवा लोकरीचे थर्मल, वर फ्लीस, सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, तेव्हा ढगाळ दिवशीही गॉगल काढू नये. रात्री खोलीतली बुखारी (खोली तापवणारी शेगडी) किंवा कांगडी (निखाऱ्यांचे मडके) पेटती ठेवून दारे-खिडक्या गच्च लावून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पैशांची वाटणी हा रुसव्याचा मुद्दा. प्रवास आणि मुक्काम समान वाटावा. प्रशिक्षक, साहित्य, गोंडोला आणि गाइड ज्याचा त्याने द्यावा. नाहीतर स्की न करणाऱ्या काकूंच्या पैशातून अफरवटचा गाइड जातो. विम्याच्या साध्या प्रवास पॉलिसीत हिवाळी खेळ बरेचदा वगळलेले असतात; पॉलिसीच्या कागदात 'स्कीइंग' आणि 'आखलेल्या उताराबाहेर' हे दोन्ही मुद्दे शोधून, नसतील तर कंपनीकडून लेखी घ्यावे.

आपल्या जिल्ह्यातल्या सहल आयोजकांना माझी विनंती आहे, की जाहिरातीत चार गोष्टी छापाव्यात : प्रशिक्षणाचे एकूण तास, एका प्रशिक्षकामागची संख्या, साहित्य आणि हेल्मेट दरात आहे की नाही, आणि बर्फ नसेल तर किती पैसे परत. आपणही जाहिरात घेताना ही माहिती मागावी. आणि या चार ओळी नसतील तर वाचकांनी आगाऊ रक्कम भरण्याआधी त्या फोनवर न विचारता लेखी मागवून घ्याव्यात.

कळावे,
आपला,
हिवाळ्यात हिमालयात स्की शिकवणारा एक वाचक,
गुहागर