रीफ टँकचा पीएच पडला की आधी खिडकी उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत एका वाचकाने विचारलं होतं की घरी खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक आहे, क्लाउनफिशची जोडी आणि थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आहेत, पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ८.१-८.२ च्या ऐवजी सारखा ७.८ दाखवतो तर काय करू. त्यावर उत्तर छापलंय की दोन चमचे खायचा सोडा टाका, नाहीच वाढला तर बीचवरून कोरलचा वाळका तुकडा नाहीतर शिंपले आणून फिल्टरमध्ये ठेवा. मी ठाण्यात फ्लॅटमध्ये असाच छोटा रीफ टँक सांभाळतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही, कारण कुणी खरंच तसं केलं तर कोरलची वाट लागेल आणि पीएच आहे तिथेच राहील.

आधी तो कोरलचा तुकडा. गोड्या पाण्यात ही युक्ती चालते, तिथे पाणी आम्लधर्मी झालं की शिंपले हळूहळू विरघळतात आणि पीएच सावरतो, बहुतेक तिथूनच हे उत्तर उचललेलं दिसतंय. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट आधीच भरपूर असतं, त्यात ७.८ ला तो तुकडा नुसता पडून राहतो, विरघळायला पीएच अजून बराच खाली जावा लागतो आणि तेवढा खाली गेला तर तुमचे जिवंत कोरल आधी जातील. आणि दुसरं म्हणजे रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल २००१ पासून आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणता येत नाही. मालवणला जाऊन पिशवीत दगड भरून आणणारे लोक आधीच कमी नाहीत, त्यात पेपरनेच सांगितलं म्हटल्यावर काय बोलायचं.

आता सोडा. दोन चमचे म्हणजे साधारण १०-१२ ग्रॅम, दोन फुटी टँकमध्ये पाणी असतं ६० लिटरच्या आसपास, एवढ्या पाण्यात तेवढा सोडा गेला की अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, आम्ही हौशी लोक जिला नुसतं अल्क म्हणतो, ती एका झटक्यात साधारण ६ डीकेएचने (हे अल्क मोजायचं एकक) वर जाते. समुद्रात ती ७ च्या जवळ असते, टँकमध्ये ७ ते ११ मध्ये ठेवतात, म्हणजे ८ वर असलेला टँक रातोरात १४ वर. एवढा झटका सॉफ्ट कोरलसुद्धा मुकाट्याने सोसत नाहीत. आणि एवढं करून पीएच? टाकल्या टाकल्या उलट जरासा खाली येतो, मग हवेशी जुळवून घेत थोडा वर सरकतो, बस. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेवढाच असेल तर अल्क ८ वरून ११ केली तरी पीएच जेमतेम ०.१ ते ०.१५ ने हलतो. दुकानात ज्या पीएच वाढवायच्या पावडरी मिळतात त्यांचंही बऱ्यापैकी हेच, संध्याकाळी टाकली की आकडा चढतो, सकाळी परत होता तिथे, मग माणूस अजून टाकतो, अल्क चढत जाते आणि शेवटी हीटरवर, पंपावर पांढरा थर बसायला लागतो.

मग पीएच पडतो कशाने? बहुतेक फ्लॅटमध्ये घरातल्या हवेने. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच खाली येतो, शाळेतलीच केमिस्ट्री आहे. बाहेरच्या हवेत तो आता ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) वर आहे, आणि तो दुप्पट झाला तर टँकचा पीएच साधारण ०.३ ने पडतो. आता आपली घरं बघा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा गार करून फिरवत राहतो, दारं खिडक्या बंद, आत चार माणसं झोपलेली, अशा खोलीत हजार पीपीएमचा आकडा सहज ओलांडला जातो. ८.१-८.२ चा पीएच ७.८ वर यायला एवढं पुरतं, पाण्यात काही बिघडलेलं असायची गरज नाही. गंमत म्हणजे उन्हाळ्यात बऱ्याच घरात एसी टँकसाठीच चालू असतो, पाणी २६ डिग्रीच्या वर जाऊ नये म्हणून, चिलर परवडत नाही ना, आणि तोच बंद खोलीचा एसी पीएच खाली ओढतो. हॉललाच जोडून किचन असेल तर गॅसच्या शेगडीचाही हातभार लागतो.

खात्री करायला काही खर्च नाही. टँकमधलं ग्लासभर पाणी घ्या, पीएच मोजा, मग ग्लास बाल्कनीत ठेवून त्यात हवेच्या पंपाची नळी तासभर सोडा आणि परत मोजा. वाढला तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त झालाय हे नक्की. मग दुसऱ्या ग्लासात घरातच तशीच तासभर नळी सोडून बघा, आत वाढत नसेल आणि बाहेर वाढत असेल तर दोष खोलीच्या हवेचा, आतही वाढत असेल तर टँकच्या वरचं पाणी नीट हलत नाहीये, पंपाचं तोंड वर करा आणि काचेचं झाकण काढून जाळी टाका. मात्र त्याआधी पेन मीटर ७ आणि १० च्या सोल्युशनने कॅलिब्रेट केलेलं पाहिजे, कारण बिचारे निम्मे लोक बिघडलेल्या मीटरशीच भांडत असतात. आणि वेळ लिहून ठेवा. पहाटे लाइट लागायच्या आधी पीएच सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर सगळे श्वासच घेत असतात, आणि संध्याकाळी लाइट बंद व्हायच्या सुमारास सगळ्यात जास्त, कारण कोरलच्या आतलं शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड खातं. सकाळचा ७.८ आणि संध्याकाळचा ८.१ असेल तर माझ्या मते काहीच करू नका, असे कितीतरी टँक वर्षानुवर्षं छान चालतात, अल्क स्थिर ठेवा आणि आकड्याच्या मागे लागू नका. दिवसभर ७.७ च्या खालीच असेल तेव्हा हात घाला.

हात घालायचा म्हणजे पहिलं काम खिडकी. रात्री बोटभर फट ठेवली तरी सकाळचा आकडा वेगळा दिसतो. ते जमत नसेल तर स्किमरची (हवेचे बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) हवेची नळी लांब करून बाहेर काढा, एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक असतं त्यातूनच जाते. सोडा लाइमचे दाणे भरलेला डबा नळीला लावणारेही आहेत, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याच्या मशीनला असतात तेच दाणे, काम चोख करतात पण लवकर संपतात आणि ६० लिटरच्या टँकला मला तरी हा खर्च पटत नाही.

त्यापेक्षा आपली चुन्याची निवळी चांगली. टँकमधून उडून गेलेल्या पाण्याची भर रोज घालावीच लागते, ती साध्या आरओ पाण्याऐवजी निवळीने घालायची. चुना कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतो आणि बदल्यात कॅल्शियम आणि अल्क दोन्ही देतो, सोड्याला हे जमत नाही. लिटरला दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, फूड ग्रेड नाहीतर लॅबवालं, पानपट्टीचा चुना नको कारण त्यात काय काय आहे कुणाला माहीत. ढवळून झाकून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्या. याचा पीएच १२ च्या वर असतो, डोळ्यात गेला तर दवाखाना, त्यामुळे लहान मुलांपासून लांब. आणि टँकमध्ये ओतायचं नाही, मेडिकलमधून सलाईनचा सेट आणायचा आणि रात्री थेंब थेंब सोडायचं. छोट्या टँकमध्ये पेलाभर निवळी एकदम गेली तर सगळं संपतं, मोठ्या टँकसारखी दुसरी संधी मिळत नाही.

आमच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणालं की हवेवर एवढं खापर कशाला फोडता, म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर २ नावाची काचेची प्रचंड बंद इमारत आहे, १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं तिच्यात बंद राहिली. आत शेती, जंगल आणि २६ लाख लिटरच्या आसपास पाण्याचा कोरलसकट समुद्र होता. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट वाढला आणि त्या समुद्राचा पीएच पडत गेला, त्यांना सोडे टाकून टाकून तो सावरावा लागला. त्यांना खिडकी उघडायची सोय नव्हती. आपल्याला आहे, तरी आपण पीएच वाढवायच्या पावडरीचा डबा आणायला दुकानात जातो.

तुमच्याकडे दुरुस्ती छापायची पद्धत आहे, तेव्हा ही छापा, आणि जमलं तर गणपतीच्या आधी. तेव्हा घर भरलेलं, आरतीला वीस-पंचवीस माणसं, समया, कापूर, धूप, पावसामुळे खिडक्या बंद, पीएच ७.६ दिसला की लोक घाबरून काहीतरी ओततात. काही ओतू नका, पाहुणे गेले आणि खिडक्या उघडल्या की दुसऱ्या दिवशी आपोआप वर येतो. फक्त ज्यांनी स्किमरची नळी बाहेर काढलीये त्यांनी पावसाळ्यात एक लक्षात ठेवा, सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी करणारी गाडी आली की ती नळी लगेच आत ओढून घ्या आणि तासभर तरी बाहेर काढू नका, त्या धुरातलं औषध कोळंबी आणि खेकड्यांना फार थोडं गेलं तरी मारतं, माशांनाही वाईटच. वॉचमनला आधी सांगून ठेवलेलं बरं, गाडी यायच्या आधी तो एक फोन करतो.

आपला एक वाचक,
ठाणे