अण्णा थापा मारत नव्हते

साउथ बेंड, इंडियाना
१२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष पत्र नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. गुडघा आहे तसाच, साखर गोळ्यांवर, बाकी बरं.

बाळ्या, अण्णा थापा मारत नव्हते रे!

परवा इथे एका म्हाताऱ्याच्या अंगणात विकायची पाटी लावलेली गाडी दिसली. स्टुडबेकर, १९५० ची, लँड क्रूझर. शेटजींची होती, अण्णा चालवायचे, तीच. विमानासारखं नाक, मागची दारं उलटी उघडणारी. फक्त ही हिरवी. स्टुडबेकरच्याच कमांडर मॉडेलपेक्षा चार इंच लांब, आणि ते चारही इंच मागे बसणाऱ्याच्या पायांना. म्हणजे शेटजींना, अण्णांना नव्हे.

गाडी याच गावातल्या कारखान्यात बनलेली. म्हाताऱ्याचे वडील त्या कारखान्यात होते, मग हाही चिकटला. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, इथलं गाड्या बनवणं बंद झालं. एवढं बोलून त्याने बॉनेट उघडलं.

मग चालवायला दिली. गिअर स्टिअरिंगपाशी, बॅटरी सहा व्होल्टची, हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. नदीकडून वर येताना चढावरच सिग्नल लागला. क्लच, ब्रेक दोन्ही दाबून उभा. म्हातारा म्हणतो, ब्रेकवरचा पाय काढ. मागे ट्रक! देवाचं नाव घेऊन काढला. गाडी जागची हलली नाही. खाली ब्रेकच्या तेलाच्या वाटेत एक गोळी असते. चढावर ती मागे घरंगळून तेल अडवते, आणि क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक सुटत नाही.

"पसरणी घाटात ब्रेकवरनं पाय काढला तरी माझी गाडी मागं येत न्हाई." आठवतंय? आणि मी भर वर्गात अण्णांना थापाड्या म्हणालो. तू माझी दौत फोडलीस, मग गणपतीपासून दिवाळीपर्यंत अबोला. दौतीचं मात्र मी अजून माफ केलेलं नाही. नवी होती, काठोकाठ भरलेली.

सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून आईबहीण काढली असावी.

आता घोर असा, की म्हातारा साडेचौदा हजार डॉलर मागतोय. मागच्या चाकावरच्या पत्र्यात बोट घातलं तर आरपार गेलं. पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. चालवणार किती दिवस? पोराला विजेवरची सोडून दुसरी गाडी गाडी वाटत नाही. वसुधा काही बोलली नाही, माझा गोळ्यांचा डबा तेवढा आणून समोर ठेवला. अण्णा असते तर एक फोन केला असता, काम संपलं असतं. ते नाहीत म्हणून साडेचौदा हजार मोजायचे? आणि मोजून कुणाला दाखवायची, तुझ्याशिवाय?

पिंट्याचं ठरल्याचं कळलं, छान झालं. वहिनींचं प्लास्टर निघालं ना? घराचं रंगकाम आटोपलं का?

म्हाताऱ्याला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. पोस्टाने हे तोवर पोचत नाही, म्हणून फोटो काढून मोबाइलवर पाठवतोय. अक्षर कळलं नाही तर फोन कर, पण इथली रात्र बघून.

तुझा,
नाना