ग्रबची डिस्क शोधून देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

नाव कुठेही घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'दादा'. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. लायनक्सच्या लॅब सांभाळणारे बरेच जण ग्रब (मशीन चालू होताना लायनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर) कुठल्या डिस्कवर बसवायचं, नेमके याच पायरीला अडकतात, आणि रात्री साडेदहाला फोन उचलणारं माणूस प्रत्येकाला मिळतंच असं नाही.

आमच्या कॉलेजात जुने, वापरलेले डेस्कटॉप आले होते आणि प्रॅक्टिकल परीक्षेआधी सगळ्यांवर डेबियन (लायनक्सचाच एक प्रकार) चढवायचं होतं. प्रत्येक मशीनसमोर बसून भाषा, कीबोर्ड, टाइमझोन, पासवर्ड ही तीच ती उत्तरं कोण देणार? त्यासाठी प्रीसीडची, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली, फाइल होती. ती लॅबमध्ये फार आधीपासून आहे, कुणी लिहिली ते आता कुणालाच आठवत नाही. कुठली डिस्क पुसायची एवढा एक प्रश्न तिने माणसासाठी राखलेला, बाकी सगळं आपोआप. काही मशीनवर काम सुरळीत झालं. काहींवर मात्र सगळी पॅकेजेस उतरून झाल्यावर, अगदी शेवटी, लाल पडदा: एसडीएवर (लायनक्स पहिल्या डिस्कला देतं ते नाव) ग्रब बसवता आलं नाही.

मशीन एकाच मॉडेलची, डिस्क ठणठणीत. केबल बदला, बायोस रीसेट करा, डिस्कच बाद झालीय, असे सल्ले चहूबाजूंनी सुरू झाले. तुम्ही यातलं काहीच बोलला नाहीत. उलट विचारलंत, "इन्स्टॉलरला कुठकुठल्या डिस्क दिसतायत आणि कुठल्या नावाने?" हे कुणीच पाहिलं नव्हतं. लाल पडद्याच्या मागेही काही वाचायला असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही ऑल्ट आणि एफ-४ दाबायला लावलंत. तिथे लॉग वाहत होता, आणि त्यात ग्रबने चक्क मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की एसडीएवर आयएसओ-९६६० फाइलसिस्टिम दिसते आहे, इथे बूटलोडर बसवला तर तिचा नाश होऊ शकतो.

हार्ड डिस्कवर सीडीची फाइलसिस्टिम आली कुठून? तुम्ही हसलात. "ती हार्ड डिस्क नाहीच. तो तुमचा पेनड्राइव्ह आहे, इन्स्टॉलरच्या सीडीची प्रत उतरवलेला."

मग तुम्ही जे समजावलंत ते जसंच्या तसं वहीत उतरवलंय. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कला जन्मभरासाठी चिकटलेली नसतात. कर्नलला (लायनक्सच्या गाभ्याला) जी आधी सापडेल तिला पहिलं अक्षर, जी नंतर तिला पुढचं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना इन्स्टॉलरला स्वतःच्याच फाइल्स वाचायला आधी यूएसबी लागतं, त्यामुळे पेनड्राइव्ह कधी कधी हार्ड डिस्कच्या पुढे रांगेत घुसतो. आमच्या काही डेस्कटॉपना पुढे कार्ड रीडर आहेत, त्यांचे रिकामे खाचेही एकेक अक्षर अडवतात. आणि फाइलमध्ये बूटलोडरचं ठिकाण एसडीए म्हणून कायमचं ठोकलेलं.

ग्रबने नकार दिला हे नशीबच, असंही तुम्ही म्हणालात. पेनड्राइव्ह साध्या फॅट विभाजनाचा, म्हणजे नेहमी वापरतो तसा, असता तर ग्रब निमूटपणे त्याच्या पहिल्या सेक्टरवर जाऊन बसलं असतं (डिस्कचा अगदी सुरुवातीचा तुकडा, मशीन चालू होताना तोच आधी वाचला जातो). मग पेनड्राइव्ह लावलेला असेपर्यंत मशीन छान सुरू होतं आणि काढला की बंद. तुम्ही पाहिलेल्या एका ऑफिसात म्हणे असा पेनड्राइव्ह मशीनच्या मागे सेलोटेपने चिकटवून ठेवला होता. ते ऐकून मी रात्री एकटाच हसत होतो.

आमच्यातल्या एकाने लगेच सुचवलं, एसडीए खोडून एसडीबी लिहू. तुम्ही अडवलंत: मग आत्ता चालतायत ती मशीन अडकतील. 'डिफॉल्ट' हा शब्द लिहिला तरी ग्रब पहिल्याच डिस्ककडे जातं. डेबियनच्या नमुना फाइलमध्येसुद्धा यूएसबीमुळे ठिकाण खात्रीने ठरवता येत नाही असा इशारा दिलेला आहे. आम्ही तो वाचण्याचे कष्ट घेतलेले नव्हते, एवढंच.

तुमचा उपाय वेगळा होता. ऑल्ट-एफ-२ च्या शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या पडद्यावर) जाऊन डेव्हमधलं 'डिस्क, बाय-आयडी' हे फोल्डर बघा, म्हणालात. तिथे प्रत्येक डिस्क कंपनीच्या नावासकट आणि सीरियल नंबरसकट दिसते. साटा केबलवरच्या डिस्कची नावं एटीएने सुरू होतात, पेनड्राइव्हची यूएसबीने. डीव्हीडी ड्राइव्हही एटीएच्याच नावाने तिथे बसलेला असतो, त्याला गाळायला विसरू नका, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. हे स्वतः ठेच खाल्लेल्या माणसालाच सुचतं.

आणि या यादीतून बाकीचं गाळून हार्ड डिस्क निवडणाऱ्या चार ओळी फाइलमध्ये कुठे घालायच्या, यावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात. प्रीसीडच्या अर्ली कमांडमध्ये (फाइल वाचली की लगेच चालणारी आज्ञा) घातल्या तर फार लवकर होतं, तेव्हा हार्ड डिस्कचा ड्रायव्हर चढलेला असेलच असं नाही. पार्टमनच्या (डिस्कचं विभाजन करणारा इन्स्टॉलरचा भाग) अर्ली कमांडमध्ये घाला: विभाजन सुरू होण्याच्या तोंडावर ती चालते, तोवर सगळ्या डिस्क हजर असतात. तिथून सापडलेलं नाव डेबकॉन्फला (इन्स्टॉलरची उत्तरं साठवणारी व्यवस्था) द्यायचं. एकाहून जास्त डिस्क उरल्या तर उत्तर द्यायचंच नाही, इन्स्टॉलर स्वतः विचारतो. ही शेवटची अट मला आधी नको वाटत होती, आपोआप काम करायचं आणि वर थांबायचं कशाला? पण एका मशीनमध्ये आम्हाला ठाऊक नसलेली दुसरी डिस्क निघाली, कुणाच्या तरी जुन्या प्रोजेक्टांनी भरलेली. तिथे इन्स्टॉलर थांबला.

परीक्षा वेळेवर झाली. फाइलमध्ये आता प्रत्येक ओळीवर मराठीत टिपण आहे, म्हणजे पुढच्या लॅब असिस्टंटला निदान कारण तरी कळेल.

एक सूचना देऊन ठेवतो. पुढच्या वर्षी एनव्हीएमई डिस्कवाली (साटाऐवजी वेगळ्या, वेगवान जोडणीच्या) नवी मशीन येणार आहेत. तिथे नावं एटीएने सुरू होणार नाहीत, यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) असल्यामुळे पहिल्या सेक्टरऐवजी ईएफआय विभाजनाचा विचार करावा लागेल, आणि चार ओळी पुन्हा बदलाव्या लागतील. यावेळी लॉगचे फोटो आधी पाठवीन आणि फोन नंतर करीन. रात्री दहाच्या आत.

आपला,
लॅब असिस्टंट